भागिरथाबाईचा गुरुवार

भागिरथाबाईनं मला आयुष्यात एकदाच मारलं, आणि ते तिनं बरोबर केलं. खालचा एक दात अजून हलतो. बायको म्हणते काढून टाका, पण मी काढत नाही.

मी हरीओम. वाशीमला, मालेगाव रस्त्याला, माजी सैनिकांचा एक छोटा दवाखाना आहे. त्यात खिडकीमागे बसून मी औषधं देतो. नोकरी कंत्राटी. दर मार्चात जीव टांगणीला लागतो आणि एप्रिलात खाली उतरतो. खिडकीवर येणारी मंडळी म्हणजे रिटायर सुभेदार, हवालदार, नाईक, शिपाई आणि त्यांच्या विधवा. शुगर, बीपी, गुडघे. रांगेत असे उभे राहतात की शाळामास्तरांनी येऊन बघावं. आणि कोणी विचारलं, "कसं काय दादा?" की उत्तर ठरलेलं, "एकदम फर्स्ट क्लास." पाय सडत आलेला असला तरी फर्स्ट क्लास. ही त्यांची जन्माची खोड, आणि तिच्यापायीच पुढचं सगळं घडलं.

भागिरथाबाई पहिल्यांदा आली ती अकरा वर्षांपूर्वी. मालेगावच्या पुढच्या एका खेड्यातून एसटीनं आली होती. बरोबर नवरा, नाईक दौलतराव. त्याचे दोन्ही हात बैलाच्या कासऱ्यानं बांधलेले आणि कासऱ्याचं दुसरं टोक हिच्या कमरेला. हिचा डावा डोळा सुजून बंद झालेला. गळ्यावर बोटांचे निळे वळ. चार एका बाजूला, अंगठ्याचा दुसऱ्या बाजूला. मी मूर्खासारखा विचारतो, "बाई, तुमचा नंबर आधी लावू काय?"

"माहं काही दुखत नाही," ती म्हणाली. "यायले पाहा."

दौलतरावाची गोष्ट लांब नाही. सरहद्दीवर एका चौकीत होता. तोफगोळा पडला, बंकरचं छत खाली आलं आणि तो अठरा तास मातीखाली राहिला. सोबत जोडीदार करण. करण पहिल्या दोन तासांतच गेला, पण त्याचा हात दौलतरावाच्या छातीवर तसाच राहिला. उरलेले सोळा तास तो हात गार होत गेला. वर काढलं तेव्हा दौलतरावाची नखं उपटलेली होती, बाकी अंगावर जखम नाही. नखं परत आली, नोकरी संपली, माणूस घरी आला.

घरी महिना-दोन महिने बरे जायचे. मग एखादं दार वाऱ्यानं आपटायचं, नाहीतर शेजारच्या लग्नात फटाका फुटायचा, आणि त्याचे डोळे बदलायचे. समोर बायको आहे, माती आहे की दुश्मन, त्याला काही उमजायचं नाही. त्यानं तिचा उजवा हात कोपराखाली दोनदा मोडला. तव्यानं कपाळ फोडलं. एकदा गळा धरला, तो आठ वर्षांची साक्षी बापाच्या पाठीवर चढून कानाला चावली म्हणून सुटला. आणि भानावर आला की तोच माणूस बायकोच्या कपाळाला हळद लावत विचारायचा, "कायनं लागलं तुले?" त्याला खरोखर आठवायचं नाही. ती सांगायची नाही. मी एकदा विचारलं काहून सांगत नाही म्हणून, तर म्हणाली, "मार खाल्ल्याचं दुख माह्यापाशी हाय, भाऊ. मारल्याचं यायले कायले देऊ?"

दिवे लागायच्या आत ती विळा, कुऱ्हाड, बत्ता, विळी, सगळं शेजारणीकडे नेऊन ठेवायची. भाजी हातानं तोडायची. माझी बायको म्हणाली, "मंग कांदा कसा चिरे?" चिरायचीच नाही. दगडानं फोडायची.

तिचा दीर मोठा हुशार. घरात बाबासाहेबांचा फोटो, वंदना तोंडपाठ, आणि मागच्या गोठ्यात बोलावला भगत! दौलतरावाला कासऱ्यानं खांबाला बांधलं. भगतानं विळा तापवला आणि भूत निघावं म्हणून पाठीवर चार डाग दिले. भागिरथाबाई वावरात निंदत होती. तिला ओरडणं ऐकू आलं. धावत आली, शेजारणीकडून आपलीच कुऱ्हाड उचलली आणि उलट्या बाजूनं दिराच्या खांद्यावर अशी हाणली की गळ्याजवळचं हासळीचं हाड मोडलं. भगत कुंपणाच्या काट्यांत धोतर सोडून पळाला. मग तिनं नवऱ्याला सोडवलं, त्याच कासऱ्यानं त्याला स्वतःशी बांधून घेतलं आणि एसटी पकडली. आमच्या खिडकीवर आली ती त्या दिवशी. त्याच्या सदऱ्यातून रक्तपाणी झिरपत होतं, आणि मी नंबर लावायच्या गोष्टी करत होतो.

तेव्हा आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या गुरुवारी अकोल्याहून मनाचे डॉक्टर यायचे. म्हातारे, कमी बोलणारे. त्यांनी दोन गोळ्या लिहून दिल्या. तिसऱ्या महिन्यात भागिरथाबाई खिडकीशी येऊन म्हणाली, "हरीओमभाऊ, काल यायनं विळी घेऊन कांदा चिरून देल्ला." आणि तिथंच फरशीवर बसून हमसून रडली. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू.

त्यानंतर अकरा वर्षं तिनं एक गुरुवार चुकवला नाही. दौलतराव वावरात जायला लागला. तुरीत रोही, म्हणजे नीलगाई, शिरू नयेत म्हणून मचाणावर बसायचा. साक्षीचं लग्न झालं, तेव्हा बँडवाल्यांना लांब उभं करून त्यानं पोरीला हसत वाटेला लावलं. अकरा वर्षांत बायकोच्या अंगावर त्याची चापटसुद्धा पडली नाही.

आणि मग वरून कागद आला. कागदाची भाषा मोठी गोड. सुसूत्रीकरण म्हणे. आपल्या भाषेत सांगायचं तर पेशंट कमी, खर्च जास्त, तेव्हा हा दवाखाना अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात विलीन करण्याचा विचार आहे. एक कर्नलसाहेब तपासणीला येतील, कोणाची हरकत असली तर त्यांना सांगा. आणि विचार चालू असेपर्यंत मनाचे डॉक्टर येणार नाहीत, त्यांच्या गोळ्यांची मागणीही पाठवू नका. विचार त्यांचा चालू, गोळ्या आमच्या बंद!

मी शिल्लक होत्या त्या गोळ्या अर्ध्या अर्ध्या करून पुरवल्या. पुढे त्याही संपल्या. बाहेरचा दुकानदार त्या गोळ्या मनाच्या डॉक्टरच्या ताज्या चिठ्ठीशिवाय देत नाही, आणि त्याचंही चूक नाही. आमच्या डॉक्टर साधनाताईंनी वर तीन वेळा फोन केला, तिन्ही वेळा उत्तर आलं की तपासणी होऊ द्या. अकोल्याला जावं तर त्या अवस्थेत दौलतरावाला भरल्या एसटीत दोन तास धरणार कोण? भागिरथाबाईनं विळी परत शेजारणीकडे नेऊन दिली. मला म्हणाली, "भाऊ, तो साहेब येईन त्या दिवशी मी यायले घेऊन येतो. त्याच्या डोयानं पाहू दे."

इथं सुभेदार माणिकराव आले. वय सत्तर, पाठ अजून भिंतीसारखी सरळ. भागिरथाबाईच्याच गावचे, समाजातलं मोठं माणूस. ती त्यांना मामा म्हणते. जिल्ह्यातले सगळे जुने फौजी त्यांच्या शब्दाबाहेर नाहीत. त्यांनी दवाखान्याच्या अंगणात सगळ्यांना बोलावून हुकूम सोडला. "साहेबाले दवाखाना असा दाखवू, की बंद कराची त्याची छातीच झाली नाही पायजे!"

मग काय विचारता. बागेतला एकूण एक दगड रंगवला, एक गेरूचा, एक चुन्याचा. निंबाच्या बुंध्याला कंबरेपर्यंत चुना. मंडपवाल्याकडून पंधरा कुंड्या उसन्या. आणि गावोगाव निरोप गेला की ज्याला खोकला आहे, ज्याचा पाय सुजला आहे, ज्याचं डोकं ठिकाणावर नाही, त्यानं त्या दिवशी घरी बसायचं. बीमार माणूस दिसला नाही पाहिजे. मी म्हणालो, "सुभेदारसाहेब, दवाखान्यात बीमार नाही दिसन तं काय नवरदेव दिसन?" तर माझ्याकडे असं बघितलं की मी गप गोळ्या मोजायला बसलो. पेशंट कमी म्हणून दवाखाना बंद होतोय, आणि हे पेशंट लपवून राहिले! आपल्याच पायावर धोंडा, तोही चुना लावून. पण तीस-तीस वर्षं फौजेत हेच केलेलं. साहेब येणार म्हटलं की चुना काढायचा, आजारी जवान बराकीमागे लपवायचा, छाती काढून उभं राहायचं. हाडात गेलेलं असतं ते.

तो दिवस गुरुवारच होता. साहेब दहाला येणार होते. नऊ वाजता भागिरथाबाई दौलतरावाला घेऊन फाटकात हजर. गोळीविना त्याचा नववा दिवस. दाढी करून, कडक शर्ट आणि टोपी घालून तिनं त्याला आणलं होतं, पण त्याचा जबडा चालू होता आणि तो प्रत्येक दाराकडे आधी बघत होता. तिच्या मनगटावर चाव्याची ताजी खूण.

माणिकराव आडवे झाले. "याले काहून आनलं?"

"साहेबाले दाखवाले आनलं, मामा. हाच तं पेशंट हाय."

"इज्जत काढतं काय सगळ्याची? जाय घेऊन परत."

"परतची बस बारा वाजता हाय. अन् मी जात नाही."

माणिकरावांनी इकडं तिकडं बघितलं. दवाखान्यामागे माझी औषधांची कोठी आहे. खिडकी नाही, लोखंडी दार. ते मला म्हणाले, "हरीओम, किल्ली दे. एक घंटा बसू दे त्याले आत."

भागिरथाबाई त्यांच्या पायाशी वाकली. "मामा, पाया पडतो तुमच्या. कोंडू नका यायले. कोंडलं की यायले बंकर दिसते."

"एक घंटा! मी सांगून राह्यलो ना!"

किल्ली माझ्या खिशात होती. मला नाही म्हणता आलं असतं. साहेब माझ्या कंत्राटाच्या कागदावर सही करणारे आहेत असं मी ऐकलं होतं, आणि अंगणात दंगा नको एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी किल्ली दिली. दोघा-तिघांनी दौलतरावाला गोड बोलून आत नेलं, "चल रे, सामान मोजाचं हाय." कुलूप लावलं आणि किल्ली परत माझ्या हातात दिली. भागिरथाबाई एवढं सगळं बघत बाजूला उभी होती. अकरा वर्षं ज्या बाईला मी ओळखत होतो तिनं मामांचा शब्द मोडला नाही, हे मला अजून पटत नाही. तिलाही पटत नसेल.

साहेब साडेबाराला आले.

तोवर आतून आवाज सुरू झाला होता. आधी दारावर तळहात. मग मुठी. मग "करण! करण!" अशी हाक, मातीखालून यावी तशी. बाहेर सव्वीस म्हातारे छातीवर मेडल लावून उन्हात रांगेत, घामानं चिंब झालेले, आणि एकजण मान वळवत नव्हता. भागिरथाबाई कोठीच्या दाराला तोंड लावून बोलत होती, "मी हावो इथीच, मी हावो, उजीड हाय बाहेर, ऐका," पण आत कोणी ऐकत नव्हतं.

कर्नलसाहेब गाडीतून उतरले. चांगला माणूस होता, खोटं बोलत नाही. सगळ्यांशी हात मिळवला, कुंड्यांचं कौतुक केलं, आणि मग रांगेसमोर थांबून विचारलं, "कोई तकलीफ?"

हरकतींचा अर्ज घडी करून माणिकरावांच्या खिशात होता. मी स्वतः टाईप करून आणला होता. पण साहेबाचा आवाज कानात पडला आणि टाचा जुळल्या, छाती पुढं आली. "नहीं साब! सब ठीक है साब!" आणि मागून सव्वीस गळे, "सब ठीक है साब!"

त्याच वेळी कोठीचं दार आतून धाडकन हाणलं गेलं.

"ये आवाज कैसी?" साहेबांनी विचारलं.

"बोर की मोटर है साब," माणिकराव म्हणाले. "पुरानी हो गई."

साहेबांनी मान हलवली. दवाखान्याच्या वहीत बघितलं. आजचे पेशंट शून्य. तक्रारी शून्य. त्यांनी लिहिलं, आणि चहा घ्यायला वळले.

भागिरथाबाई माझ्यासमोर आली. "किल्ली द्या."

"बाई, दहा मिन्टं. चहा होऊ द्या, गाडी जाऊ द्या..."

तिनं उलट्या हातानं माझ्या तोंडावर अशी हाणली की मी कुंडीवर जाऊन पडलो. मी तोंड धरून बसलो तोवर किल्ली तिच्या हातात होती. कोणी तिला थांबवायच्या आत तिनं कुलूप काढलं.

तो बाहेर आला तेव्हा त्याची दहाही बोटं रक्तानं माखलेली होती. लोखंडी दार उकरत होता तो साडेतीन तास. हातात सलाईनचा जुना लोखंडी स्टँड. तिनं दोन्ही हात पसरले आणि म्हणाली, "चला, बाहेर आलो आपन." त्यानं स्टँड फिरवला. पहिला घाव तिच्या खांद्यावर बसला, दुसरा तोंडावर. समोरचे दोन दात तिथंच फरशीवर पडले, ओठ नाकापर्यंत फाटला. ती पडली नाही. तिनं त्याच्या कमरेला मिठी मारली आणि सोडलीच नाही. तो तिच्या पाठीवर मारत राहिला, धान्य बडवावं तसा.

मग रांग मोडली. सव्वीस म्हातारे काठ्या घेऊन त्याच्यावर पडले. म्हातारे कसले, त्या घटकेला एकेकजण पंचवीस वर्षांचा झाला होता. तीस वर्षांत दाबून ठेवलेलं सगळं त्या एकट्या माणसावर निघालं. काठी मोडली तर लाथांनी हाणत होते. एकजण मारता मारता रडत होता आणि हात थांबवत नव्हता. दौलतरावाची बरगडी मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. भागिरथाबाई त्याच्यावर आडवी पडली, म्हणून अर्ध्या काठ्या तिला बसल्या. "मारू नका! बीमार हाय तो! बीमार हाय!" रक्तानं तिला नीट बोलता येत नव्हतं. शेवटी साधनाताईंनी मध्ये घुसून एकाच्या हातातली काठी हिसकली, त्याच काठीनं दोघांना बाजूला हाणलं, आणि गुडघ्यावर बसून दौलतरावाला झोपेचं इंजेक्शन दिलं. दवाखान्यात ते एकच उरलं होतं.

अंगण शांत झालं. चुन्याचे दगडही गेरूसारखे लाल झाले होते, तेवढं सोडून सगळं जागच्या जागी.

साहेबांच्या पांढऱ्या शर्टावर शिंतोडे उडाले होते. ते म्हणाले, "यही तो कारण है. ऐसे केस यहाँ सेफ नहीं. इनको बड़े अस्पताल में ही जाना चाहिए." आणि वहीत ते लिहायला लागले. म्हणजे ठीक आहे म्हटलं तरी बंद, आणि ठीक नाही दिसलं तरी बंद. मला हसू आलं, तोंडातून रक्त येत असताना.

साहेब गाडीकडे निघाले. भागिरथाबाई उठली, लंगडत गेली आणि गाडीच्या दाराला पाठ लावून उभी राहिली. पदरानं तोंड दाबलेलं, पदरातून रक्त ठिबकत होतं. ती म्हणाली, "बसा. हे उठेपर्यंत बसा. मंग लिहा." साहेबांना तिची बोली कळली नसेल, पण साधनाताईंनी हिंदीत सांगायच्या आधीच ते मागे फिरले आणि खुर्चीत बसले. दीड तास बसले. साधनाताईंनी तिच्या ओठाला अकरा टाके घातले, ते त्यांनी बघितलं. तिनं भूल घेतली नाही. म्हणाली, बोलाले जीभ पायजे.

दीड तासानं दौलतराव उठून बसला. इंजेक्शननं जड झालेला, पण डोळे त्याचे स्वतःचे. बोटांकडे बघितलं, बरगडी धरली, आणि मग बायकोकडे बघितलं. तो उठूनच उभा राहिला. "कोनं मारलं तुले? नाव सांग. कोन होय तो?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. इतकी वर्षं तिनं हे सांभाळलं होतं.

"तुमी," ती म्हणाली.

त्याला कळलं नाही.

"तुमीच मारलं. हात तुमीच मोडला. कपाय तुमीच फोडलं. गोळी होती तवा नाही मारलं. नऊ दिस गोळी नाही, म्हनून मारलं." मग साहेबांकडे वळून म्हणाली, "हे लिहा."

दौलतरावानं तिच्या टाके घातलेल्या ओठाकडे बघितलं. मग त्यानं कमरेचा पट्टा काढला. डोक्याला हात लावला, टोपी नव्हती. हळूहळू चालत तो त्याच कोठीत गेला, टोपी घेऊन आला, आणि पट्टा आणि टोपी दोन्ही साहेबांच्या टेबलावर ठेवून समोर सावधान उभा राहिला. मला काही समजलं नाही, मी साधा माणूस. पण रांगेतल्या सगळ्यांनी माना खाली घातल्या. फौजेत गुन्हेगार जवानाची साहेबापुढं पेशी होते, तेव्हा त्याची टोपी आणि पट्टा आधी काढून घेतात. "साब," दौलतराव म्हणाला, "मेरी पेशी लगाओ. जो सजा होगी, मंजूर."

पुढचं आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. साहेबांनी आधी लिहिलेलं पान फाडलं नाही, पण त्याखाली दोन पानं अजून लिहिली. दोन महिन्यांनी उत्तर आलं. दातांची खुर्ची गेली, एक्स-रे गेला. पहिला गुरुवार राहिला, आणि गोळ्या परत आल्या. भागिरथाबाईचा ओठ वाकडा जुळला. दौलतराव गोळी वेळेवर घेतो, पण तिच्यासमोर जेवायला बसत नाही आता. उंबऱ्यात बसून जेवतो.

पण मला सांगायचं आहे ते त्याच दिवसाचं.

साहेब उठले, त्यांनी टोपी उचलून दौलतरावाच्या डोक्यावर ठेवली आणि रांगेकडे वळले. आवाज चढवला नाही. "अब सच बोलो. कोई तकलीफ?"

खिडकीमागच्या माणसाला पुष्कळ काही माहीत असतं आणि ते बोलायची त्याला परवानगी नसते. मी माणिकरावांकडे बघत होतो. मग त्यांनी आपली टोपी काढली, पट्टा काढला आणि टेबलावर ठेवला.

"साब, मैं भी वही गोली खाता हूँ," ते म्हणाले. "सात साल से. रद्दी कागद में लपेट के ले जाता हूँ. नौ दिन से मेरे पास भी नहीं है. परसों मैंने बहू को खाट के पाये से मारा. सात टाँके हैं उसके सर में."

साधनाताईंनी झटकन वर बघितलं. ते टाके त्यांनीच घातले होते, आणि सून त्यांना मोरीत घसरले म्हणाली होती. रांगेतून अजून दोन टोप्या निघाल्या. मग चौथी. मी मोजायचं सोडून दिलं.

भागिरथाबाई बाकावरून उठली. साधनाताई बोलू नका म्हणत होत्या, टाके तुटतील. ती माणिकरावांसमोर जाऊन उभी राहिली. रागावलेली नव्हती, तेच वाईट होतं.

"मामा, गोळीविना काय होते ते तुमाले मालूम होतं," ती म्हणाली. "मंग यायले कोंडलं कायले?"

मलाही ती विचारेल म्हणून मी मान खाली घातली, पण तिनं मला काही विचारलं नाही. तिनं नवऱ्याचा पट्टा टेबलावरून उचलला, त्याच्या कमरेला बांधला आणि त्याला धरून बसच्या थांब्याकडे घेऊन गेली.